अध्यापकाची पात्रता आणि आपल्या मुलांची वाट

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात आले होते. पहाटेची वंदना, भोजनगृहासमोरची रांग, परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत जळणारे अभ्यासिकेतले दिवे यांविषयी लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात पुष्कळ असतील आणि ते आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही मात्र एका प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. गेल्या काही वर्षांत आपले माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक भेटले की हा प्रश्न निघतोच. ‘सर, पोरगा बी.ई. झाला. आता शिकवायच्या नोकरीसाठी पीएच.डी. लागते म्हणतात. कोणी म्हणतात, आता लागत नाही. नक्की काय?’ विचारणाऱ्या मातामाउली घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, अंधेरी येथील वस्त्यांतून आलेल्या असतात. घरातला पहिला पदवीधर त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा असतो.

विद्यापीठात आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांत कोण शिकवणार, त्याच्याकडे कोणती पदवी असावी, हा वरवर पाहता शासकीय नियमांचा कोरडा विषय आहे. आमचा विषय इतिहास, यंत्रांचे आम्हाला फारसे कळत नाही. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट ठाऊक असते. शिकण्याचा अधिकार कोणाला, याहूनही शिकविण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर या देशात अधिक कडक पहारे बसविले गेले. म्हणून हा विषय आपल्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

नियम काय सांगतात

प्रथम नियम पाहू. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची २०१९ ची नियमावली आहे. तिच्याप्रमाणे संबंधित शाखेतील बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक. या दोन पदव्या हव्यात, आणि त्या दोहोंपैकी कोणत्याही एका पदवीला प्रथम वर्ग हवा. त्यापुढच्या सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पदांसाठी पीएच.डी. अनिवार्य आहे. शोधनिबंध आणि ठरावीक वर्षांचा अनुभवही लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाची वाट थोडी वेगळी आहे. जुलै २०१८ मध्ये आयोगाने असा नियम केला की विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक म्हणून थेट नेमणूक हवी असेल तर १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य राहील. करोनाच्या साथीमुळे ही तारीख १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली. ती तारीख उजाडण्याच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२३ रोजी, आयोगाने तो नियमच बदलला. आता नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता राहील आणि पीएच.डी. ऐच्छिक असेल. पाच वर्षे ज्या मुलांनी या नियमाच्या धाकाने उधारउसनवार करून पीएच.डी.ला नाव घातले, त्यांची अवस्था काय झाली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. पुढे ६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने आणखी एक मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. ५५ टक्के गुणांसह एम.ई. किंवा एम.टेक. झालेल्यास नेटशिवाय थेट सहायक प्राध्यापक होता यावे, अशी तरतूद त्या मसुद्यात होती.

या सगळ्याच्या शेजारी २०२२ पासून एक नवे पद आले आहे, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे व्यवसायातून थेट वर्गात येणारा प्राध्यापक. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेल्या नामवंत व्यक्तीला या पदावर घेता येते आणि तिला औपचारिक पदवीची अट नाही. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत करता येतात. या नेमणुका मंजूर पदांच्या बाहेरच्या आणि मुदतीच्या असतात.

थोडक्यात, एका बाजूने पदवीचा आग्रह वाढवायचा आणि दुसऱ्या बाजूने तो सोडून द्यायचा, अशी ही ओढाताण आहे. तिच्यात आपली मुले नेमकी कोठे उभी राहतात, हा आमचा प्रश्न आहे.

महावग्गातील दोन नियम

अध्यापकाच्या पात्रतेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात या संबंधात एक हकीकत येते. उपसेन वंगन्तपुत्त नावाच्या भिक्खूची उपसंपदा होऊन एकच वर्ष झाले होते, तोच त्याने स्वतःचा शिष्य केला. पुढे स्वतः दोन वर्षांचा आणि शिष्य एक वर्षाचा असा तो भगवंतांच्या दर्शनाला आला. ज्याला अजून स्वतःलाच दुसऱ्याने शिकवावे लागते त्याने दुसऱ्याला कसे शिकवावे, या अर्थाने भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली. मग नियम झाला की उपसंपदा होऊन दहा वर्षे झालेल्या भिक्खूनेच शिष्य करावा.

हकीकत येथे संपत नाही. नियम झाल्यावर दहा वर्षे पूर्ण केलेले, पण काहीच न शिकलेले भिक्खू ‘आमची दहा वर्षे झाली’ म्हणून शिष्य करू लागले. शिष्य हुशार आणि उपाध्याय अडाणी, असा प्रकार दिसू लागला. तेव्हा भगवंतांनी नियमात भर घातली. दहा वर्षे तर हवीतच, पण तो भिक्खू विद्वान आणि समर्थही असला पाहिजे.

या हकीकतीत आजच्या वादाची दोन्ही टोके सापडतात. नुसता उत्साह पुरत नाही आणि नुसती वर्षेही पुरत नाहीत. विद्या हवी आणि ती पारखलेली हवी. पण त्याच विनयात उपाली आहे. जन्माने न्हावी असलेल्या उपालीला भगवंतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी उपसंपदा दिली, म्हणजे नियमाप्रमाणे राजपुत्रांनी त्याला वंदन करणे भाग होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी प्रश्न विचारले गेले ते याच उपालीला. कसोटी कठोर होती. तिच्यासमोर उभे राहण्यापूर्वी कोणाला कुळ विचारले जात नव्हते, एवढाच तिचा इतरांपासूनचा फरक.

जोतीराव आणि बाबासाहेब

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांतील शिक्षकांविषयी विस्ताराने लिहिले आहे. शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पुरेसा पगार हवा, आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, असे त्यांचे मागणे होते. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची लाज ज्यांना वाटणार नाही, खालच्या वर्गांत जे मिळूनमिसळून वागतील, असे शिक्षक त्यांना हवे होते. जोतीराव प्रशिक्षणाची अट सोडत नाहीत, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. ते तिच्यात हाताने काम करण्याच्या तयारीची भर घालतात. तंत्रशिक्षणाच्या अध्यापकाची याहून चांगली व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक गोष्ट आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या वेळी त्यांच्याकडे कोलंबियाची एम.ए. होती. प्रबंध लिहून झाला होता, पण पीएच.डी. पदवी हाती नव्हती. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा कोलंबियाचा नियम होता आणि छपाईला पैसे लागत होते. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ छापला आणि १९२७ साली पदवी मिळाली. विद्वत्ता १९१७ साली होती. तिचा दाखला दहा वर्षांनी आला, आणि मधल्या अंतराचे एक मोठे कारण दारिद्र्य होते.

१९१८ साली सिडनहॅममध्ये ‘पीएच.डी.चे प्रमाणपत्र आणा, मग या’ असे कोणी म्हटले असते तर? दरमहा साडेचारशे रुपयांच्या त्या नोकरीतून बाबासाहेबांनी लंडनच्या राहिलेल्या शिक्षणासाठी पैसे साठविले. ती नोकरी मिळाली नसती तर पुढचे कितीतरी घडले नसते. दुसरीकडे त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हेही चरित्रकारांनी नोंदविले आहे. पदवीने वर्गाचे दार उघडले तरी माठापर्यंतची वाट मोकळी होत नाही. त्या काळचा माठ गेला, तरी त्याच्या जागी आता दुसरे काही आले आहे का, हे आपण शोधले पाहिजे.

बाबासाहेब स्वतः पदव्यांच्या बाबतीत कधीच सैल नव्हते. लंडनची एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी त्यांनी अपार कष्टाने मिळविली. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा अध्यापक निवडताना त्यांनी जात पाहिली नाही. आपल्या महाविद्यालयात उत्तम विद्वानच शिकवायला हवेत, हा त्यांचा आग्रह होता. मात्र त्याच महाविद्यालयाचे वर्ग त्यांनी सकाळी भरविले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे. शिकविणाऱ्याची पात्रता त्यांनी खाली आणली नाही आणि शिकणाऱ्याची अडचणही नजरेआड केली नाही.

तंत्रशिक्षणाविषयी तर त्यांनी १९४२ सालीच इशारा दिला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे जे निवेदन दिले, त्यात असे प्रतिपादन केले की केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या वर्गांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे आणि ते महाग असल्यामुळे सरकारने त्याचा खर्च उचलला पाहिजे. आपल्या समाजाने पुढे कवी दिले, कादंबरीकार दिले, अर्थशास्त्रज्ञ दिले. डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, डॉ. सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पण यंत्र, विद्युत, रसायन, संगणक या विषयांच्या प्राध्यापकांत आपली माणसे किती, हे मोजायला बसलो तर बोटे फार लवकर थांबतात. १९४२ सालचे ते काम अजून अर्धेच झाले आहे.

एका विद्यार्थ्याची हकीकत

आपल्याच वसतिगृहातील एका मुलाची हकीकत सांगतो. त्याचे नाव आणि ज्या संस्थांशी त्याचा संबंध आला त्यांची नावे येथे अप्रस्तुत आहेत.

तो दहावीत होता त्या वर्षी २६ जुलै २००५ चा पाऊस झाला. घाटकोपरच्या वस्तीतले त्याचे घर पाण्यात गेले. महिना-दीड महिना तो वसतिगृह सोडून वडिलांबरोबर घर पुन्हा उभे करीत होता. दहावीला ५४ टक्के मिळाले. तंत्रनिकेतनातून पदविका केली, मग अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून पदवी मिळविली, तिला द्वितीय वर्ग. एम.ई. मात्र प्रथम वर्गात झाला. एका खासगी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. सात वर्षे शिकवले. मुलांना त्याचा वर्ग आवडे, कारण लेथ यंत्रावरचा प्रत्येक दोष त्याने स्वतःच्या हाताने काढलेला होता. या सात वर्षांतच अर्धवेळ पीएच.डी. पूर्ण केली.

मग त्याने एका नामांकित संस्थेत अर्ज केला. मुलाखतीला बोलावणे आले नाही. कारण लेखी कळविले गेले नाही. एका परिचिताने सांगितले, ‘सुरुवातीपासून अखेरपर्यंत कारकीर्द उत्तम हवी. तुमची दहावीच पाहा.’ आमच्याकडे येऊन तो एवढेच म्हणाला, ‘सर, पीएच.डी. झाली, पण त्या पावसातून मी अजून बाहेर आलो नाही.’

आम्हाला उत्तर सुचले नाही. हा लेख त्याचे उत्तर नव्हे, पण निदान प्रश्न तरी नीट मांडावा, म्हणून लिहीत आहोत.

‘दोहोंपैकी एक’ आणि ‘सुरुवातीपासून अखेरपर्यंत’

वाचकांनी दोन अटी शेजारी ठेवून पाहाव्यात. तंत्रशिक्षण परिषद म्हणते, पदवी किंवा पदव्युत्तर, दोहोंपैकी एकीला प्रथम वर्ग हवा. आयआयटींच्या जाहिरातींत, आणि त्यांच्या धर्तीवर इतरही काही संस्थांच्या जाहिरातींत, पीएच.डी. बरोबर सुरुवातीपासून अखेरपर्यंत अतिशय चांगली शैक्षणिक कारकीर्द मागितली जाते.

पहिली अट कठोर आहे, पण तिच्यात माणसाला सावरण्याची जागा आहे. इंग्रजी नीट कळत नसताना अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला धडपडलेला मुलगा पुढे एम.ई.ला आपली कुवत सिद्ध करू शकतो. दुसऱ्या अटीत ती जागा नाही. पंधराव्या वर्षी घरात वीज नव्हती, बाप आजारी होता, माध्यम बदलले होते, याचा हिशेब माणूस पस्तिसाव्या वर्षीही देत राहतो. ज्याच्या घरी दोन पिढ्यांपासून टेबल, दिवा आणि शिकवणी आहे, त्याची कारकीर्द सुरुवातीपासून अखेरपर्यंत सरळ रेषेत जाणे स्वाभाविक आहे. त्याचे श्रेय त्याला जरूर द्यावे. पण ती सरळ रेष अंशतः घराची असते आणि आपण ती संपूर्णपणे बुद्धीची म्हणून वाचतो. येथे गुणवत्तेच्या नावाखाली कुटुंबाची परिस्थिती मोजली जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदाच्या प्राथमिक छाननीसाठी गुणांचा तक्ता आहे. पदवीपासून प्रत्येक टप्प्याला गुण आहेत, पीएच.डी.ला ३०. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते धरायचे आणि अंतिम निवड केवळ मुलाखतीवर करायची, असा तो नियम आहे. म्हणजे आयुष्यभराची लेखी कमाई दारापर्यंत नेते आणि आतला निर्णय काही मिनिटांच्या संभाषणावर होतो. त्या खोलीतून ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा घेऊन राखीव जागा किती वेळा रिकाम्या परत आल्या, हे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

पदवी काढून टाकावी का

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग पदवीची अटच काढा आणि कामाचा अनुभव पाहा. तंत्रशिक्षणात तर प्रत्यक्ष कामच महत्त्वाचे. या म्हणण्यात तथ्य आहे. फ्रीमन डायसन या विख्यात पदार्थवैज्ञानिकाने पीएच.डी. कधीच केली नाही आणि तरीही अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने त्याला प्राध्यापक केले. शिवाय पीएच.डी.चे आज जे झाले आहे तेही आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. पैसे भरून निबंध छापून देणारी नियतकालिके आहेत, दुसऱ्याकडून प्रबंध लिहवून घेणारे आहेत. आपल्याही समाजात लग्नपत्रिकेवर आणि चौकातल्या फलकावर नावाआधी ‘डॉ.’ लागावे एवढ्यासाठी पदवी घेणारे आहेत. दहा वर्षे पूर्ण केलेल्या अडाणी भिक्खूची गोष्ट त्यांनाही लागू आहे.

तरीही पदवीची अट सरसकट काढण्याला आमचा विरोध आहे, आणि त्याचे कारण आमच्या अनुभवात आहे. ‘नामवंत’ कोण, हे कोण ठरविते? अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा विक्रोळीच्या कारखान्यात वीस वर्षे साचे बनविणारा आपला एखादा बाप आपल्या कामात कोणत्याही अभियंत्याला शिकवू शकतो. कुलगुरूंच्या कार्यालयातून त्याला निमंत्रण जाणार नाही, कारण त्याचे नाव तेथे कोणाला ठाऊकच नाही. निमंत्रण जाईल ते कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याला. तो वाईट शिकवेल असे आमचे म्हणणे नाही. पण पदवी कोणालाही वाचता येते, ओळख मात्र थोड्यांच्याच खिशात असते. ज्याच्यामागे आडनाव नाही, नातेगोते नाही, त्याच्यासाठी लेखी पात्रता हे एक संरक्षण आहे. ते काढून घेतले की उरते ते फक्त निवडणाऱ्याचे मत. आणि या नेमणुका मंजूर पदांच्या बाहेर असल्यामुळे बिंदुनामावलीचा प्रश्नच तेथे येत नाही.

दुसरेही कारण आहे. वाईट अध्यापकाचा सर्वांत मोठा फटका आपल्याच मुलांना बसतो. श्रीमंताचा मुलगा महाविद्यालयात शिकवले नाही तर बाहेर शिकवणी लावतो. मुलुंडच्या चाळीतल्या मुलीला जे मिळते ते त्या वर्गातच मिळते. म्हणून अध्यापकाची पात्रता कमी करा, ही मागणी आम्ही कधीही करणार नाही. आरक्षणाचा अर्थ पात्रता कमी करणे असा लावणारे लोक आरक्षणही समजत नाहीत आणि पात्रताही.

कायदा आणि पळवाटा

२०१९ साली संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला. आरक्षणासाठी विभाग हा घटक धरण्याऐवजी संपूर्ण संस्था हा घटक धरला गेला. अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर आणि देशभरच्या आंदोलनानंतर मिळालेली ही गोष्ट आहे. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना वगळले आहे. त्यांत आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अणुशक्तिनगरचे होमी भाभा राष्ट्रीय संस्थान आहे. पुढे २०२० मध्ये आयआयटींच्या संचालकांचा समावेश असलेल्या समितीने अशी शिफारस केली की आयआयटींनाही त्या यादीत घालावे, आणि ते शक्य नसेल तर आरक्षण सहायक प्राध्यापकाच्या पायरीपुरतेच ठेवावे. पात्र पीएच.डी.धारक मिळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. उलट २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच राखीव जागा वर्षभराच्या विशेष मोहिमेने भरा, असे सर्व केंद्रीय संस्थांना सांगितले. पवईची आयआयटी आपल्या रमाबाई नगरापासून काही किलोमीटरवर आहे. १९५८ साली तिची स्थापना झाली. हे अंतर आपल्या मुलांनी किती ओलांडले, हा प्रश्न संस्थेला विचारावा तसा आपणही स्वतःला विचारावा.

‘पात्र उमेदवार मिळत नाहीत’ या वाक्याला उत्तर द्यायचे तर उमेदवार कसे घडतात ते पाहावे लागेल. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.टेक. करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये छात्रवृत्ती मिळते. मुंबईत एवढ्या पैशांत खोलीचे भाडे तरी निघते का? बावीस वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी एखाद्या कंपनीकडून दुप्पट-तिप्पट पगाराचे पत्र येते. घरी धाकटी भावंडे आहेत, कर्ज आहे. त्याने नोकरी घेतली तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आणि जो धीर धरून संशोधनाला लागतो, त्याला बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागते, हेही आपण २०२३ मध्ये पाहिले. नियम पीएच.डी. मागतो आणि शासन पीएच.डी.च्या पाच वर्षांचे जेवण वेळेवर देत नाही. असे असताना उमेदवार मिळत नाहीत म्हणून आश्चर्य व्यक्त करणे हा कांगावा आहे.

काय व्हावे

आमचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो. पहिला, तंत्रशिक्षणात पदवी आणि पीएच.डी. यांची अट राहावी, पण ‘सुरुवातीपासून अखेरपर्यंत’ ही अट जावी. माणसाची शेवटची पदवी, त्याचे संशोधन आणि त्याने केलेले अध्यापन पाहावे. दुसरा, राखीव जागेवर योग्य उमेदवार आढळला नाही असे म्हणणाऱ्या समितीने प्रत्येक उमेदवाराबाबत लेखी कारण द्यावे आणि ते उमेदवाराला मागता यावे. तिसरा, व्यवसायातून येणाऱ्या प्राध्यापकांच्या जागा जाहिरात देऊन भराव्यात, त्यांना सामाजिक आरक्षण लागू करावे, आणि त्यांत अधिकाऱ्यांबरोबर कुशल कारागिरांनाही स्थान असावे. जोतीरावांच्या तासणीला विद्यापीठात जागा मिळेल ती अशीच. चौथा, अधिछात्रवृत्ती पगारासारखी महिन्याच्या महिन्याला मिळावी.

हे शासनाने करायचे आहे. आपण करायचे ते वेगळे. जयंतीच्या मिरवणुकीवर, ध्वनिक्षेपकांवर आणि फलकांवर आपल्या वस्त्यांत दरवर्षी जो खर्च होतो, त्याचा काही भाग बाजूला काढून एम.टेक. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी निधी उभा राहू शकतो. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर बाबासाहेबांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत वसतिगृह होते, हे वसतिगृहात वाढलेल्या आपण तरी विसरू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार आपल्या अभ्यासिकेत यावे. गेट म्हणजे काय, शोधनिबंध कसा लिहितात, मार्गदर्शक कसा शोधावा, अर्ज कसा भरावा, हे अकरावी-बारावीच्या मुलांना आत्तापासून सांगावे. आमच्या पिढीला हे सांगणारे कोणी नव्हते. पालकांना आमची विनंती आहे की, मुलगी एम.टेक.नंतर आणखी शिकते म्हणाली तर ‘आता किती शिकणार’ असे लगेच म्हणू नका. तिच्यासाठी चार वर्षे थांबता आले तर पुढे शेकडो मुले तिच्या वर्गात बसतील.

ज्याची हकीकत वर सांगितली तो विद्यार्थी अजून तासिका तत्त्वावर शिकवतो. या वर्षी त्याने पुन्हा तीन ठिकाणी अर्ज केले आहेत. दर रविवारी तो अभ्यासिकेत येतो आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. मुले त्याला ‘डॉक्टर सर’ म्हणतात. ज्यांना दहावीत कमी गुण पडतील असे आम्हाला वाटते, अशी दोन-चार मुले तो मुद्दाम आपल्याजवळ बसवून घेतो. या मुलांपैकी कोणी पुढे एखाद्या नामांकित संस्थेत अर्ज करील, तेव्हा छाननी करणाऱ्याच्या हाती वेगळा नियम असावा, एवढ्यासाठी आपल्या समाजाने आज बोलले पाहिजे.

जय भीम.